सरकारी कार्यालयात आधार क्रमांक देताना: काय द्यायचं, काय विचारायचं आणि कुठे अडायचं

सेतू केंद्र असो, तहसील असो, शाळा असो की रेशन दुकान, खिडकीवरचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आधारची झेरॉक्स जोडा." आपण निमूटपणे जोडतो. ती झेरॉक्स कोणत्या गठ्ठ्यात पडते, नंबर कुणाच्या एक्सेल शीटमध्ये चढतो, काम झाल्यावर त्याचं काय होतं, हे विचारायची पद्धतच नाही. घरातल्यांचे आणि शेजारपाजाऱ्यांचे अर्ज भरता भरता मला आधार कायदा आणि त्याखालचे विनियम वाचावे लागले. त्यातलं टेबलावर उपयोगी पडेल तेवढंच इथे देतो आहे. कोर्टापर्यंत जायचं असेल तर वकील गाठा.

एक गोष्ट आधीच सांगतो. बहुतेकांची हुज्जत होते ती नंबर मागण्यावरून, आणि तिथे बऱ्याचदा कार्यालयाची बाजू पक्की असते. मिळालेला नंबर यादीत छापून भिंतीवर लावणं याबाबत मात्र कायदा अगदी स्पष्ट आहे, आणि तिथे कुणी ब्रसुद्धा काढत नाही. म्हणून मागणे, ठेवणे आणि दाखवणे या तीन गोष्टी मनात वेगळ्या ठेवा. एकीची परवानगी असली म्हणून दुसरीची मिळत नाही.

## १. जाण्याआधी काय जवळ ठेवाल

- मास्क्ड आधारच्या दोन-तीन प्रती. कशा काढायच्या ते चौथ्या पायरीत आहे.
- आधारशी जोडलेला मोबाइल, चार्ज केलेला. ओटीपी त्याच नंबरवर येतो. वडिलांच्या आधारला जुनं बंद पडलेलं सिम जोडलेलं असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदला, नाहीतर पुढचं सगळं अडतं.
- दुसरं एखादं ओळखपत्र: मतदार कार्ड, रेशन कार्ड, पॅन, वाहन परवाना किंवा फोटो असलेलं बँक पासबुक.
- योजनेचा शासन निर्णय, म्हणजे जीआर. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर तो विभागानुसार शोधता येतो. मोबाइलमध्ये असला तरी चालेल.
- कोरा कागद आणि पेन. तोंडी बोलण्याला कार्यालयात किंमत नसते.

## २. मागणी कोणत्या नियमाखाली आहे ते विचारा

प्रश्न साधा आहे: "हे बंधनकारक आहे की ऐच्छिक? बंधनकारक असेल तर कोणत्या तरतुदीने?" तो माझ्या मनातला नाही. २०१६ च्या माहिती देवाणघेवाणीच्या विनियमांनुसार नंबर गोळा करणाऱ्याने हेतू काय, देणं सक्तीचं आहे का, सक्ती असेल तर कोणत्या कायद्याने आणि दुसरा पर्याय कोणता, हे स्वतःहून सांगायचं असतं. सांगत नाहीत, म्हणून आपण विचारायचं. आवाज न चढवता विचारा. समोरच्या क्लार्कने तो नियम बनवलेला नसतो, आणि त्यालाही बऱ्याचदा तो ठाऊक नसतो.

उत्तर कुठल्या बाजूला पडेल याचा अंदाज असा.

सक्ती आहे. आयकर विवरणपत्र आणि पॅन-आधार जोडणी. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात ही जोडणी कायम ठेवली. दुसरा मोठा गट म्हणजे सरकारी तिजोरीतून चालणाऱ्या अनुदानाच्या आणि लाभाच्या योजना. आधार कायद्याचं कलम ७ त्यांना आधार मागू देतं. आधी ते भारताच्या संचित निधीपुरतं होतं, २०१९ च्या दुरुस्तीने राज्याचा संचित निधीही त्यात आला. त्यामुळे रेशनचं धान्य, महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, महिलांना खात्यात मिळणारी मदत अशा ठिकाणी "नंबर देणार नाही" म्हणून अडून बसण्यात अर्थ नाही. लाभ आपलाच लटकतो.

सक्ती नाही. मतदार यादीसाठी आधार कळवायचा नमुना ६ब भरून घेतात. पण निवडणूक कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनेच सांगितलं आहे की पुरेशा कारणाने आधार देता आला नाही म्हणून नाव नोंदवायला नकार देता येणार नाही आणि असलेलं नावही वगळता येणार नाही. निवृत्तिवेतनधारकांचं डिजिटल जीवन प्रमाणही ऐच्छिक आहे, कागदी हयातीचा दाखला चालतो. माहिती अधिकाराच्या अर्जावर तर आधार मागताच येत नाही. त्या कायद्याच्या कलम ६(२) नुसार संपर्कासाठी लागेल तेवढीच वैयक्तिक माहिती पुरे, आणि माहिती का हवी याचं कारणही सांगावं लागत नाही.

शाळा. इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. २०१८ च्या निकालानुसार शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येत नाही. सीबीएसई, नीट आणि यूजीसी यांनाही ती करता येत नाही असं न्यायालयाने नाव घेऊन सांगितलं. आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाचा लाभ नाकारायचा नाही, हेही त्याच निकालात आहे. तरी मुख्याध्यापक मागे लागतात. कारण असं की संचमान्यतेत शिक्षकांची पदं ठरताना आधार वैध झालेल्या पटाकडे पाहिलं जातं. म्हणजे घोर त्यांच्या शिक्षकांच्या पदांचा असतो, तुमच्या मुलाच्या प्रवेशाचा नसतो. हे समजून बोललात तर भांडण होत नाही. "प्रवेश आत्ता द्या, आधार झाल्यावर आणून देतो" एवढं लेखी दिलं की बहुतेक ठिकाणी काम होतं.

"वरून आदेश आहे" हे उत्तर नव्हे. आदेशाचा क्रमांक आणि तारीख विचारा.

## ३. आधार नाही किंवा अंगठा उमटत नाही

कलम ७ मध्ये सक्ती आहे तशीच पळवाट नसलेली एक अटही आहे: ज्याला आधार क्रमांक मिळालेला नाही त्याला ओळख पटवण्याचा दुसरा व्यवहार्य मार्ग द्यायचाच. त्याने आधारसाठी नोंदणी करावी अशी अपेक्षा असते. नोंदणीची पावती आणि सोबत रेशन कार्ड, मतदार कार्ड, रोजगार हमीचं जॉब कार्ड यांसारखा एखादा पुरावा, असं योजनांच्या अधिसूचनांमध्ये साधारणपणे लिहिलेलं असतं.

शेतात, भट्टीवर, धुण्याभांड्यांवर आयुष्य गेलेल्या माणसांचा अंगठा मशीन घेत नाही. आजी चार बोटं पुसून पुसून लावते आणि रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर तांबडा संदेश येतो. दुकानदार म्हणतो, "उद्या या." हे त्याला म्हणता येत नाही. बोट जमलं नाही तर डोळ्यांची बुबुळं किंवा चेहरा, मग मोबाइलवर ओटीपी, तेही नाही तर छापील आधारवरचा क्यूआर कोड किंवा अपवाद नोंदवही (मशीनशिवाय लाभ दिल्याची नोंद करायची वही), असे पर्याय आहेत. केंद्राच्या अन्न खात्याने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं की केवळ आधार नाही किंवा जुळत नाही म्हणून कुणाला धान्य नाकारू नये आणि यादीतून नाव काढू नये. दुकानात शब्द वापरायचा तो "अपवाद नोंदवही". हा शब्द ऐकला की समोरच्याला कळतं की तुम्हाला नियम माहीत आहे. तरी नाही म्हणालाच, तर तहसीलच्या पुरवठा शाखेत त्याच दिवशी लेखी द्या आणि अर्जावर मशीनचा संदेश व वेळ लिहा.

## ४. द्यायचाच, तर कसा द्यायचा

मास्क्ड आधार. यात पहिले आठ अंक झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात. मायआधार संकेतस्थळावर नंबर आणि ओटीपी टाकून डाउनलोडवर गेलात की मास्क्ड हवं का असं विचारणारी एक छोटी चौकट येते. तिच्यावर टिक करा. ती सहज नजरेतून सुटते आणि पूर्ण नंबरची प्रत उतरते. फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. म्हणजे तुमचं नाव आणि वय माहीत असलेल्या कुणालाही ती उघडता येते! नेट कॅफेत काढली असेल तर डाउनलोडच्या फोल्डरमधून काढून टाका, रिसायकल बिनसुद्धा रिकामा करा.

खिडकीवर "मास्क्ड चालत नाही" असं ऐकायला मिळेल. याचं एक कारण २०२२ मधलं आहे. त्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने आधारची साधी झेरॉक्स कुठेही देऊ नका, मास्क्ड वापरा, असं पत्रक काढलं. गोंधळ उडाला आणि दोन दिवसांत केंद्राने ते मागे घेतलं, नेहमीची खबरदारी पुरेशी आहे म्हणून. मागे घेतलं ते पत्रक, मास्क्ड आधारची सोय नव्हे. ती आजही प्राधिकरणाच्याच संकेतस्थळावर आहे.

अर्थात सगळीकडे ती पुरणार नाही. जिथे पैसे थेट खात्यात यायचे आहेत किंवा मशीनवर पडताळणी व्हायची आहे तिथे पूर्ण बारा अंक लागतात. तिथे नंबर फक्त अर्जाच्या रकान्यात भरा आणि सोबतची झेरॉक्स मास्क्ड द्या. माझ्या अनुभवात ही तडजोड बहुतेक खिडक्यांवर चालते.

व्हर्च्युअल आयडी. सोळा अंकी, हवा तेव्हा बदलता येणारा क्रमांक. त्यावरून मूळ नंबर काढता येत नाही. पडताळणीच्या वेळी बारा अंकांऐवजी हा देता येतो. मायआधारवर मिळतो. इंटरनेट नसेल तर जोडलेल्या मोबाइलवरून जी, व्ही, आय, डी ही इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून आधारचे शेवटचे चार अंक, असा संदेश १९४७ वर पाठवा. खरं सांगायचं तर खिडकीवरच्या कितीतरी जणांनी हा कधी पाहिलेला नसतो. ऑनलाइन अर्जात वापरणं सोपं जातं.

झेरॉक्सवर लिहा. फोटो आणि नाव न झाकता प्रतीवर तिरकं लिहायचं: "फक्त उत्पन्न दाखल्याच्या अर्जासाठी, तहसील कार्यालय", खाली तारीख आणि सही. एवढ्याने गैरवापर थांबेलच असं नाही. पण कलम २९ नुसार पडताळणीतून मिळालेली माहिती कळवलेल्या कामापलीकडे वापरता येत नाही. ते काम कोणतं, हे तुमच्या प्रतीवरच लिहिलेलं राहतं.

दोन सापळे. पहिला: "व्हॉट्सॲपवर टाका, मी प्रिंट काढतो" म्हणणारा ऑपरेटर. त्याच्या मोबाइलच्या गॅलरीत गावातल्या निम्म्या लोकांची आधार कार्डं असतात. मास्क्ड प्रत घरूनच छापून न्या. दुसरा: झेरॉक्स मशीनमधून वाकडी आलेली प्रत. ती दुकानाच्या डब्यात टाकू नका, फाडून खिशात घाला.

## ५. अंगठा किंवा ओटीपी देताना

कलम ८ नुसार पडताळणीआधी तुमची संमती घ्यायची असते आणि कोणती माहिती घेतली जाणार, कशासाठी, पर्याय काय, हे सांगायचं असतं. प्रत्यक्षात स्क्रीनवरच्या संमतीच्या चौकटीवर टिक ऑपरेटरच करतो. म्हणून अंगठा ठेवण्याआधी स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगा आणि योजनेचं नाव वाचा.

ओटीपीच्या संदेशात तो कशासाठी आहे ते बहुधा लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय अंक सांगू नका. "फेल झालं, पुन्हा लावा" असं झालं तर प्रत्येक वेळची पावती मागा. पावती नसेल तर तारीख-वेळ टिपून ठेवा, आठव्या पायरीत कामी येते.

## ६. यादी भिंतीवर लागली असेल तर

आधार क्रमांक सार्वजनिकरीत्या प्रसिद्ध करणं किंवा लावणं कलम २९(४) ने मना केलं आहे. विनियम आणखी नेमके आहेत: आधार क्रमांक असलेली कोणतीही नोंद लोकांसमोर ठेवायची तर नंबर खोडून किंवा काळे करूनच, छापील असो वा संगणकावरची. तरीही २०१७ मध्ये सरकारनेच लोकसभेत सांगितलं होतं की केंद्र-राज्यांची खाती आणि शिक्षणसंस्था धरून सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावं, पत्ते आणि आधार क्रमांक उघडे होते. ते काढायला लावले गेले.

गावपातळीवरच्या भिंतींची मोजदाद कुणी करत नाही. घरकुलाची, अनुदानाची किंवा नुकसानभरपाईची यादी येते. तिच्यात नाव, वडिलांचं नाव, गट नंबर, खातं क्रमांक आणि आधार. कोणीतरी मूळ एक्सेल जशीच्या तशी छापलेली असते. अशी एक यादी एका कार्यालयाच्या दारावर पाहिली तेव्हा मी तोंडी सांगितलं. उत्तर आलं, "पारदर्शकता म्हणून लावलीय." पारदर्शकता खरीच हवी. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून जाहीर करायचाच असतो. पण कुणाला किती पैसे मिळाले हे कळायला नाव, गाव आणि रक्कम पुरते. बारा अंकांनी पारदर्शकता वाढत नाही. लेखी अर्ज दिल्यावर यादी उतरली आणि आधारचा रकाना काढून पुन्हा लागली.

अर्ज एवढाच असू द्या:

*प्रति, (अधिकारी व कार्यालय). विषय: लाभार्थी यादीतील आधार क्रमांक झाकण्याबाबत. महोदय, आपल्या कार्यालयाच्या सूचना फलकावर (तारीख) पासून (योजना) ची यादी लावलेली असून तीत लाभार्थ्यांचे पूर्ण आधार क्रमांक दिसत आहेत. आधार अधिनियम, २०१६ च्या कलम २९(४) नुसार आधार क्रमांक जाहीरपणे प्रदर्शित करता येत नाही. तरी यादीतील आधार क्रमांक तत्काळ झाकावेत व केलेल्या कार्यवाहीची माहिती मला लेखी कळवावी.*

दोन प्रती करा, एकीवर आवक विभागाचा शिक्का आणि क्रमांक घ्या. पुरावा म्हणून फलकाचा फोटो काढा, पण तो गावच्या ग्रुपवर टाकू नका. मग तेच आकडे तुम्हीच पसरवता.

जमिनीच्या आणि घराच्या दस्तांकडेही लक्ष द्या. खरेदीखतात पक्षकारांचे आधार क्रमांक लिहायची सवय आहे, आणि नोंदलेला दस्त पुढे बऱ्याच हातांतून जातो. बाहेरच्या काही राज्यांत नोंदणी झालेल्या दस्तांवरचे ठसे आणि आधार क्रमांक वापरून बँक खात्यांतून पैसे काढल्याची प्रकरणं पोलिसांनी उघड केली आहेत. मसुदा वाचायला येतो तेव्हाच वकिलांना सांगा की फक्त शेवटचे चार अंक लिहा.

## ७. ऐकलं नाही तर

आधी त्याच कार्यालयाच्या वरिष्ठांकडे, मग 'आपले सरकार' तक्रार संकेतस्थळावर. केंद्राचं खातं असेल तर पीजी पोर्टलवर. सोबत आधार प्राधिकरणाच्या १९४७ क्रमांकावर मराठीत तक्रार नोंदवता येते. तक्रार क्रमांक लिहून घ्या.

ठोस माहिती हवी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. विचारायचं असं: या योजनेत आधार सक्तीचं करणाऱ्या अधिसूचनेची प्रत, गोळा केलेले आधार क्रमांक कशा स्वरूपात साठवले जातात आणि ते कोणत्या पदावरचे कर्मचारी पाहू शकतात, आधार नसलेल्यांसाठी कोणता पर्याय ठरवला आहे. दुसरा प्रश्न सगळ्यात टोचतो. प्राधिकरणाने २०१७ मध्येच सांगितलं आहे की आधार क्रमांक साठवणाऱ्यांनी ते कूटबद्ध करून वेगळ्या 'डेटा व्हॉल्ट'मध्ये ठेवावेत आणि बाकी नोंदींत त्याऐवजी संदर्भ क्रमांक वापरावा. टेबलावरच्या एक्सेल शीटला यात जागा नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील.

शिक्षेची तरतूदही आहे. नोंदणी किंवा पडताळणीत मिळालेली ओळखमाहिती जाणूनबुजून अनधिकृत माणसाला देणाऱ्याला कलम ३७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. २०१९ आधी याची तक्रार न्यायालयात फक्त प्राधिकरणच करू शकत होतं. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ठरावीक गुन्ह्यांसाठी आधारधारकालाही ती मुभा मिळाली. पण हा रस्ता लांबचा आहे. भिंतीवरच्या यादीसाठी तो धरू नका, अर्जाने काम होतं.

## ८. नंबर कुठे वापरला गेला ते पाहा

मायआधारवर पडताळणीचा इतिहास दिसतो: तारीख, वेळ, कोणत्या संस्थेने, ओटीपीने की बोटाने, यशस्वी की अयशस्वी. मागच्या सहा महिन्यांचाच मिळतो. पूर्वी पडताळणीच्या या नोंदी पाच वर्षं ठेवायची तरतूद होती, २०१८ च्या निकालाने ती सहा महिन्यांवर आणली. म्हणून वर्षभराने नव्हे, तीन-चार महिन्यांनी बघत जा. अनोळखी नोंद दिसली तर तिचा तपशील घेऊन १९४७ वर तक्रार करा. संस्थेचं नाव तांत्रिक असू शकतं, त्यामुळे घाबरण्याआधी त्या दिवशी बँकेत, रेशनवर किंवा सिम घ्यायला गेला होतात का ते आठवा.

संकेतस्थळावर आणि आधारच्या अधिकृत ॲपवर बायोमेट्रिक लॉक करायची सोय आहे. लॉक असताना तुमच्या बोटाच्या ठशाने पडताळणी होत नाही, त्यामुळे ठसे चोरून खात्यातून पैसे काढणाऱ्याचीही वाट बंद होते. ओटीपीची कामं चालू राहतात. फक्त घरात ज्याच्या अंगठ्यावर रेशन उचलता त्याचं लॉक दुकानात जाण्याआधी उघडा, आणि त्या व्यक्तीला स्वतःला ॲप वापरता येत नसेल तर हे काम कोण करणार ते आधीच ठरवून ठेवा.